जाळ्यापासून बाजारापर्यंत : मासळीच्या ताजेपणाचा जमाखर्च

कोकणच्या बंदरांवर मासळीचा लिलाव डोळ्यांनी व बोटांनी होतो. घेणारी कोळीण माशाचा कल्ला उचलून आतला रंग पाहते, अंगठ्याने मांस दाबून पडलेला खळगा भरून येतो की तसाच राहतो याची खात्री करते आणि मग बोली लावते. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर उभी असून प्रयोगशाळेतील कसोट्यांशी ती बहुतांशी जुळते. तथापि तिला एक मर्यादा आहे. मासा मेल्यापासून लिलावापर्यंतचे तास त्याने किती उष्णतेत काढले, हे त्या क्षणी डोळ्याला किंवा बोटाला पुरतेपणी कळत नाही; त्याचा परिणाम मात्र काही दिवसांनी, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी प्रकट होतो. साठवण, सफाई व विल्हेवाट या तीन क्रिया निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हातांनी होत असल्यामुळे त्यांचा विचारही सामान्यतः सुटासुटा केला जातो. वस्तुतः त्या तिन्ही एकाच शिलकेतून खर्च करीत असतात. ती शिलक कोणती, ती कशी सरते आणि तो खर्च कोणाच्या नावे पडतो, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

मासा मरतो त्या क्षणी त्याचे स्नायू मरत नाहीत. रुधिराभिसरण थांबल्याने प्राणवायू मिळेनासा होतो; पण स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनचे विघटन प्राणवायूवाचूनही चालू राहते व त्यापासून लॅक्टिक आम्ल आणि थोड्या प्रमाणात ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट हे ऊर्जावाहक द्रव्य तयार होत राहते. जोवर हे द्रव्य पुरते तोवर स्नायू मऊ व लवचीक असतो. ते संपत आले म्हणजे ॲक्टिन व मायोसिन हे स्नायुतंतू एकमेकांत गुंतून बसतात आणि मासा लाकडासारखा ताठ होतो. ही ताठरता ओसरेपर्यंत जंतूंचे काम खऱ्या अर्थाने सुरू होत नाही, असे स्थूलमानाने म्हणता येते. म्हणून ताठरता जितकी उशिरा येईल व जितकी अधिक काळ टिकेल, तितकी शिलक मोठी. ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : मरतेवेळी ग्लायकोजेन किती उरले होते, आणि मेल्यानंतर उष्णतामान किती होते. जाळ्यात दीर्घकाळ तडफडलेल्या माशाचे ग्लायकोजेन तडफडण्यातच सरते. तो लवकर ताठतो, लवकर सैल पडतो आणि त्याच्या मांसात आम्लही कमी साचते. बकऱ्याच्या मांसाचे आम्लमान मरणोत्तर ५·५ च्या आसपास उतरते. बहुतेक माशांचे ते ६·२ च्या खाली क्वचितच जाते. मासळी मटणापेक्षा लवकर का नासते, याच्या कारणांपैकी हे एक प्रमुख होय.

या दृष्टीने वसई, अर्नाळा, वर्सोवा या पट्ट्यातील डोल जाळ्याचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. डोल हे पिशवीच्या आकाराचे, खुंट्यांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड धरून ठेवलेले स्थिर जाळे. प्रवाहाच्या जोराने बोंबील, मांदेली, करंदी, जवळा त्यात शिरतात व प्रवाह मंदावला म्हणजे जाळे उचलतात. आरंभी शिरलेला बोंबील जाळे होडीवर येण्यापूर्वी कित्येक तास त्यात दाबून राहिलेला असतो व बहुधा मेलेलाही असतो. अरबी समुद्राच्या या भागात पृष्ठभागाचे पाणी वर्षातील बराच काळ २७ ते ३० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान असते. म्हणजे ताजेपणाचा हिशेब होडीवर नव्हे, पाण्याखालीच सुरू झालेला असतो. मासळी होडीवर आल्यानंतर तासाभराच्या दिरंगाईकडे ‘आत्ताच तर काढली’ या समजुतीने जे दुर्लक्ष होते, त्याचा आधार म्हणूनच कच्चा आहे.

ताठरता ओसरली की स्वतःच्या विकरांनी स्वतःचेच मांस पचविण्याची क्रिया उघड होऊ लागते. ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट पायरीपायरीने विघटित होऊन प्रथम इनोसिनिक आम्ल, मग इनोसीन व शेवटी हायपोझँथिन तयार होते. यांपैकी इनोसिनिक आम्लामुळे ताज्या मासळीला तिची गोडसर रुची येते. हायपोझँथिन किंचित कडवट असते. साइतो, आराई व मात्सुयोशी या जपानी संशोधकांनी १९५९ साली या साखळीचाच मोजपट्टीसारखा उपयोग केला. साखळीतील सर्व द्रव्यांच्या बेरजेत शेवटच्या दोहोंचे शेकडा प्रमाण किती, यास त्यांनी ‘के-मूल्य’ म्हटले. हे मूल्य २० च्या आत असेल तर मासा कच्चा खाण्याजोगा मानण्याचा प्रघात जपानात पडला. या कसोटीची थोरवी अशी की, घाण सुटण्याच्या कितीतरी आधी ती बोलू लागते. नाकाला जे कळते ते त्यानंतरचे प्रकरण होय.

ते प्रकरण जंतूंचे. जिवंत निरोगी माशाचे मांस जंतुरहित असते. जंतू असतात ते अंगावरच्या बुळबुळीत स्रावात, कल्ल्यांत व आतड्यांत. मृत्यूनंतर रोध नाहीसा झाला की ते आत शिरतात. समुद्रातील माशांच्या मांसात ट्रायमेथिल अमाइन ऑक्साइड हे गंधहीन द्रव्य असते. त्याचे काही जंतू ट्रायमेथिल अमाइन करतात, आणि ज्याला सर्वसाधारणपणे ‘मासळीचा वास’ म्हणतात तो बव्हंशी याचाच. गोड्या पाण्यातील माशांत मूळ द्रव्य नाममात्र असल्याने रोहू किंवा कटला नासला तरी त्याचा वास निराळा असतो. मुशी, पाकट या कूर्चामय माशांच्या अंगात युरियाही साठलेला असतो व जंतूंच्या क्रियेने त्याचा अमोनिया होतो. मोरीला इतर मासळीच्या आधी उग्र दर्प का येतो आणि तिच्या कालवणाला मसाला सढळ हाताने का लागतो, याचे उत्तर येथे सापडते.

या सर्व क्रिया उष्णतामानाच्या अधीन आहेत. बर्फातील मासळीचा नासण्याचा वेग १ धरल्यास इतर उष्णतामानांचा सापेक्ष वेग काढण्याचे एक सुटसुटीत सूत्र ऑली व रॅटकोव्हस्की यांच्या १९७० नंतरच्या दशकातील अभ्यासातून रूढ झाले : सेंटिग्रेड अंशांचा दहावा भाग घ्यावा, त्यात १ मिळवावा व बेरजेचा वर्ग करावा. ५ अंशांवर हा वेग सव्वादोन पट, १० अंशांवर चौपट येतो. हे सूत्र मुख्यतः थंड प्रदेशातील मासळीवरून व कमी उष्णतामानासाठी बांधलेले आहे. ते ३० अंशांपर्यंत ताणल्यास १६ पट असे उत्तर येते, ते केवळ ढोबळ अंदाज म्हणून घ्यावे. तरीही त्याने डोळे उघडतात. या हिशेबाने होडीवर उघड्यावर गेलेले सहा तास म्हणजे बर्फातील चार दिवस. बंदरावर आल्यानंतर कितीही बर्फ घातला तरी गेलेले चार दिवस परत येत नाहीत. बर्फ खर्चाचा वेग कमी करतो, जमा वाढवीत नाही.

बर्फ किती लागतो, याचे गणितही सोपे आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि एक किलो मासळी एक अंश थंड होण्यास सुमारे ०·८ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. १० किलो बांगडा ३० अंशांवरून शून्यावर आणावयाचा तर २४० किलोकॅलरी, म्हणजेच ३ किलो बर्फ. परंतु हा केवळ थंड करण्याचा खर्च झाला. त्यानंतर पेटीच्या भिंतींतून, झाकणातून व हवेतून सतत येणारी उष्णता शोषण्यास आणखी बर्फ लागतो. म्हणून उष्ण प्रदेशात मासळीच्या वजनाइतका बर्फ हे प्रमाण व्यवहारात धरतात. प्रमाणाइतकीच मांडणी महत्त्वाची आहे. तळाशी बर्फ, त्यावर मासळीचा पातळ थर, पुन्हा बर्फ, कडांना व वर जाडसर बर्फ, आणि वितळलेले पाणी वाहून जाण्यास वाट, अशी ती असावी. हे पाणी खाली उतरताना माशांवरचा स्राव व जंतू धुऊन नेते, हा बर्फाचा दुसरा व बहुधा दुर्लक्षित गुण होय; मात्र वाट नसेल तर तेच पाणी तळच्या मासळीला रक्तमिश्रित घाणीत भिजवून ठेवते. लादी फोडून केलेल्या बर्फाचे मोठे टोकदार तुकडे मांसात रुततात व त्यांमधल्या पोकळीत मासा थंड होत नाही. बर्फ बारीक हवा. तारली, बांगडा अशा लहान व पुष्कळ मिळणाऱ्या मासळीला समुद्राचे स्वच्छ पाणी व बर्फ यांचा काला अधिक उपयोगी पडतो. तो माशाला सर्व बाजूंनी भिडतो आणि मिठामुळे शून्याच्याही किंचित खाली जातो.

इतके साधे गणित असूनही बर्फ कमी का पडतो? याचे कारण अज्ञानात शोधण्याची सवय आहे. ती सोडून द्यावी हे बरे. पुष्कळ होड्यांवर इंधन, बर्फ व शिधा यांचा खर्च विक्रीतून आधी वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे मालक व खलाशी यांच्यात पडतात. बर्फाचा प्रत्येक किलो अशा रीतीने प्रत्येकाच्या वाट्यातून जातो. उलट लिलावात, डोळ्याला सारख्याच दिसणाऱ्या दोन ढिगांपैकी एक दोन तास आधी बर्फात गेला होता, याबद्दल जादा दर मिळण्याची शाश्वती नसते. लवकर बर्फ घालणाऱ्याला त्याचा मोबदला नाही आणि उशिरा घालणाऱ्याला दंड नाही. दंड भरते ती पाटी घेऊन दारोदार किंवा बाजारात बसणारी कोळीण. दुपारपर्यंत माल उरला की दर पाडून विकणे किंवा स्वतःच्या पैशाने पुन्हा बर्फ घेणे, एवढेच तिच्या हाती राहते. तिने घेतलेल्या बर्फाची किंमत तीच, पण त्याने वाचणारे तास फार थोडे.

येथवरचा तोटा पैशाचा व रुचीचा आहे. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या बाबतीत तो आरोग्याचाही होतो. या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे ॲमिनो आम्ल मुक्त स्वरूपात विपुल असते. मॉर्गनेला व तत्सम जंतू उष्णतेत वाढले म्हणजे त्यांच्या विकराने हिस्टिडिनचे हिस्टामिन होते. ते शरीरात गेल्यावर काही मिनिटांपासून थोड्या तासांत तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, मळमळणे अशी लक्षणे दिसतात व ‘मासळी मानवत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. आंतरराष्ट्रीय खाद्यसंहितेने अशा मासळीत किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. यात तीन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. हिस्टामिन शिजविल्याने, तळल्याने किंवा डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने नाहीसे होत नाही. त्याला विशेष वास नाही, म्हणून मासा दिसण्यात चांगला असूनही ते असू शकते. आणि एकदा विकर तयार झाले की पुढे बर्फात जंतूंची वाढ थांबली तरी विकराचे काम मंदगतीने चालू राहू शकते. कल्ला व अंगठा यांची परीक्षा येथे अपुरी पडते. पहिल्या काही तासांतला बर्फ हाच येथे खरा उपाय.

सफाईसंबंधी सरसकट नियम सांगता येत नाही, आणि जे सांगितले जातात ते बहुधा थंड समुद्रांतील मोठ्या माशांवरून घेतलेले असतात. घोळ, सुरमई, रावस अशा मोठ्या माशांचे पोट लगेच फाडून आतडी व कल्ले काढणे हिताचे; जंतूंचे व पाचक विकरांचे मोठे भांडार त्यामुळे बाहेर जाते. परंतु हजारोंच्या संख्येने येणाऱ्या बांगड्या-तारल्यांची पोटे होडीवर फाडणे शक्य नाही व इष्टही नाही. घाईने फाडलेल्या पोटातून आतड्यांतील घाण ताज्या कापावर पसरते. अर्धवट साफ केलेला मासा अजिबात साफ न केलेल्यापेक्षा लवकर बिघडतो. तारली भरपूर खाद्य खाऊन जाळ्यात आली असेल तर तिचे पोट पाचक विकरांनी आपोआप फुटते. तिच्यावर सफाई हा इलाज नसून त्वरेने थंड करणे हाच इलाज होय. कोळंबीची गोष्ट पुन्हा वेगळी. तिच्या कवचावर पडणारे काळे डाग जंतूंचे नसतात. कापलेल्या सफरचंदाला काळे पाडणाऱ्या विकरासारखेच एक विकर त्यांना कारण असते व त्याचा मोठा साठा डोक्याच्या भागात असतो. डोके लवकर काढून बर्फात टाकल्यास डाग टळतात. सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात बुडवूनही ते टळतात, पण त्याचे प्रमाण जास्त झाल्यास दम्याच्या रोग्यांना ते बाधते.

धुण्याचे पाणी हा सफाईतील सर्वांत नाजूक भाग. बंदराच्या आवारात, जेथे गटारे मिळतात व आतडी फेकली जातात तेथल्याच पाण्यात पाटी बुचकळली म्हणजे मासा स्वच्छ दिसतो, होत मात्र नाही. १९५० च्या ऑक्टोबरात जपानमध्ये ओसाका येथे ‘शिरासू’ नावाची बारीक, अर्धवट सुकविलेली मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली व त्यांपैकी २० दगावली. फुजिनो यांनी तिचा शोध घेतला तेव्हा ‘व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस’ हा खारट पाण्यात वाढणारा जंतू प्रथम उजेडात आला. हा जंतू किनाऱ्यालगतच्या उबदार पाण्यात स्वभावतःच राहतो आणि मिठाशिवाय तग धरू शकत नाही. शेवटचा हात पिण्यायोग्य गोड्या पाण्याचा फिरवावा, या सूचनेमागे नीटनेटकेपणाखेरीज हेही एक कारण आहे. शिरासू आणि कोकणातील जवळा हे सख्खे नसले तरी वाळवणाच्या दृष्टीने चुलत भाऊ शोभतात, म्हणून हा प्रसंग येथे विशेष लक्षणीय.

‘विल्हेवाट’ या शब्दात मराठीने दोन अर्थ एकत्र नांदविले आहेत : मालाची योग्य वाटणी, आणि नको असलेल्याचे निवारण. मासळीच्या धंद्यात हे दोन अर्थ सोईस्करपणे मिसळतात. ताजा न खपलेला माल खारविण्याकडे किंवा सुकविण्याकडे जातो. आगोटीच्या बेगमीत सुकट, सुके बोंबील, सोडे व खारा बांगडा यांना जे मानाचे स्थान आहे ते पाहता सुकी मासळी हे दुय्यम अन्न नव्हे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा घाटावरच्या व किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत प्रथिनांचा भरवशाचा पुरवठा तोच असतो. परंतु खारविण्यास येणारा बांगडा जर आधीच दिवसभर उन्हात पडलेला असेल, तर त्यातील हिस्टामिन मिठात जसेच्या तसे टिकते. मीठ पाणी ओढून घेते व जंतूंना वाढीस लागणारे मुक्त पाणी कमी करते; आधी झालेले ते पुसत नाही. शिवाय मिठागराच्या मिठाबरोबर मीठप्रिय लाल जंतूही येतात व दमट हवेत खाऱ्या मासळीवर गुलाबी छटा धरते. मिठात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले तर मीठ मांसात सावकाश शिरते, आणि नंतर हवेतील ओलावा शोषून मासा पाझरू लागतो. मिठावरील सरकारी कर १९४७ साली उठेपर्यंत मिठाची काटकसर हा खारवणाऱ्यांच्या नाइलाजाचा भाग होता; तो नाइलाज गेला, सवय मात्र अनेक ठिकाणी मागे राहिली.

बोंबलात पाण्याचा अंश शेकडा ८५ हून अधिक असतो. इतका पाणथळ मासा बर्फात फार दिवस टिकत नाही व वाहतुकीत चेचला जातो, म्हणून त्याचे सुकविणे ही निकडच होय. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून ते बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर टांगण्याची कोळी समाजाची रीत शास्त्रीय दृष्ट्या उत्तम आहे : वारा सर्व बाजूंनी लागतो, पाणी निथळते, वाळू लागत नाही. जवळा मात्र आजही पुष्कळ ठिकाणी जमिनीवरच पसरला जातो. हवा ढगाळ असून वाळण्यास उशीर लागला तर माश्या अंडी घालतात. त्यावर कीटकनाशक फवारण्याचा घातक मार्ग काही ठिकाणी अवलंबिला जातो. उंच मांडवावर ताणलेली जाळी व वर पारदर्शक आच्छादन एवढ्याने तो टाळता येतो.

टिकविण्याच्या घाईतून उद्भवलेला दुसरा अपमार्ग म्हणजे फॉर्मेलिन. जुलै २०१८ मध्ये गोव्यात परराज्यांतून आलेल्या मासळीत ते असल्याच्या संशयावरून मोठा वाद झाला व सरकारने काही काळ अशा आयातीवर बंदी घातली. त्याच वर्षी कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, जी १९५७ पासून या विषयावर काम करीत आहे, बाजारात जागच्या जागी परीक्षा करता येईल अशा कागदी पट्ट्या प्रसृत केल्या. अशा परीक्षांचा अर्थ लावताना रसायनशास्त्राची एक सूक्ष्म बाब विसरून चालत नाही. वर उल्लेखिलेले ट्रायमेथिल अमाइन ऑक्साइड जंतूंऐवजी माशाच्याच एका विकराने फुटले तर त्यापासून डायमेथिल अमाइन व फॉर्मॅल्डिहाइड तयार होते, आणि चोर बोंबील व बोंबील या नातलग जातींत हे विशेषेकरून घडते. अशा माशात सापडलेले अल्प फॉर्मॅल्डिहाइड कोणी बाहेरून घातलेच असेल असे नाही. केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्या उत्तरावर एखाद्या विक्रेतीचा माल फेकून देणे म्हणूनच अन्यायाचे ठरू शकते. जात व प्रमाण दोन्ही पाहिली पाहिजेत.

राहता राहिले डोके, आतडी, कवचे व काटे. यांतही सर्व काही टाकाऊ नाही. घोळीचे बोत, म्हणजे तिची हवेची पिशवी, काळजीपूर्वक सोडवून, धुऊन सुकविल्यास माशाच्या मांसाहून कितीतरी पट अधिक मोल देते. चुकून सुरी लागली तर ते मोल उतरते. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचे तेल येईनासे झाले तेव्हा मुशीच्या यकृतातून जीवनसत्त्व अ असलेले तेल काढण्याचा उद्योग मुंबईत व दक्षिणेत उभा राहिला होता. कोळंबीची कवचे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने क्षारमुक्त व कॉस्टिक सोड्याने प्रथिनमुक्त केल्यावर कायटिन उरते, आणि त्यापासून कायटोसान बनते. मात्र तेथेही वेळेचाच प्रश्न आहे : ढिगात कुजलेल्या कवचांचे कायटिन हलके निघते. ज्या लहान बंदरांवर कारखाना नाही तेथे आतडी व डोकी बारीक करून त्यांत सुमारे शेकडा ३ फॉर्मिक आम्ल ढवळून ठेवण्याची पद्धत सर्वांत सुलभ. आम्लमान ४ च्या खाली उतरले की कुजविणारे जंतू थांबतात, माशाचीच विकरे लगदा पातळ करतात व काही दिवसांत कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात मिसळण्याजोगा द्रव तयार होतो. त्याला लागते ते एक झाकणाचे पिंप, आम्ल हाताळण्यास रबरी हातमोजे आणि आतडी धक्क्यावरून खाली लोटण्याऐवजी पिंपात टाकणारा माणूस. ज्या पाण्यात उद्या सकाळी मासळीच्या पाट्या बुचकळल्या जाणार, त्यात आजची आतडी पडत नाहीत, हा या पद्धतीचा लाभ खाद्याच्या किमतीत धरलेला नसतो.